डोळेवाल्या बाईंचा पासवर्ड

बाई सकाळी दुकान उघडायला आल्या तेव्हा पोहण्याच्या तलावावरचे मास्तर आधीच पायरीवर येऊन बसले होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. बाईंनी कुलपाला किल्ली लावता लावता विचारलं, "पडला?"

"पाण्यात," मास्तर म्हणाले. "एक मुलगी खोल भागात घसरली. मी कपड्यांनिशी उडी मारली. ती वर आली, मी वर आलो, डोळा काही आला नाही."

"शोधलात?"

"अख्खा तलाव उपसला, बाई. गाळणीत दोन अंगठ्या निघाल्या, केसांच्या पिना निघाल्या, एक कवळी निघाली. कवळीचा मालक अजून यायचाय."

बाई थोडं हसल्या. हसायलाही आताशा कष्ट पडायचे.

त्या कृत्रिम डोळे बनवायच्या. नवरा-बायकोने मिळून सव्वीस वर्षं हेच काम केलं होतं. कुणाचा डोळा अपघातात गेलेला, कुणाचा आजारात. अशा माणसाच्या खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा साचा करायचा, घासूनपुसून गुळगुळीत करायचं, हे सगळं नवऱ्याकडे. बुबुळाचा रंग जुळवणं बाईंकडे. माणसाला उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसवायचं, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत एका छोट्या चकतीवर रंगाचे थेंब चढवत जायचं. जुळला रंग की जुळला. मग समोरच्याला दोन डोळ्यांतला खरा कोणता हे विचारावं लागायचं. दोन वर्षांपूर्वी नवरा दुपारी जेवून उठला, हात धुऊन खुर्चीत बसला तो बसलाच. तेव्हापासून दोन्ही कामं बाईंच्याच गळ्यात पडली. थकवा असा, की सकाळी त्या उठायच्या त्याआधी तोच उठून बसलेला असायचा.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांना पांढरा कागद मेणचट दिसायचा. निळा आणि राखाडी एकमेकांत शिरायचे. दिव्याभोवती पिंजारलेला कापूस दिसायचा. मोतीबिंदू आहे हे समजायला त्यांना डॉक्टर नको होता. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेलं. पण डोळे रंगवणाऱ्या बाईलाच रंग दिसत नाहीत, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? गडद तपकिरी डोळे हाताच्या सवयीने होऊन जात होते. वर्षभर नशिबाने गडदच आले.

मास्तरांचे डोळे घारे होते.

"पुढच्या सोमवारी या," बाई म्हणाल्या. "तोवर जुनी कृती काढून ठेवते. साचा आहेच आपल्याकडे."

"घाई नाही. मुलांना पट्टी आवडलीय. सगळ्यांना एकेक हवी आहे," मास्तर म्हणाले आणि गेले.

कृती म्हणजे रंगाची. कोणता रंग किती थेंब, कोणत्या क्रमाने, हे बाईंचा नवरा प्रत्येक वेळी त्यांच्या शेजारी बसून टिपून घ्यायचा आणि त्याच दिवशी त्या माणसाच्या नावाने स्वतःलाच मेल करून ठेवायचा. वही हरवते, मेल हरवत नाही, असं त्याचं म्हणणं. मागच्या खोलीत त्याचा संगणक होता. त्यात मेलचा एक जुना प्रोग्राम होता, चालू केला की आपला आपण आत जाऊन टपाल घेऊन येणारा. बाईंना त्यातलं आताशा एवढंच लक्षात होतं, की चित्रावर दोनदा टिचकी मारायची.

त्यांनी टिचकी मारली. नऊ वर्षांपूर्वीची, मास्तरांच्या नावची मेल यादीत दिसत होती. विषय होता: 'डोळा, उजवा, घारा.' त्यावर टिचकी मारली तर आत पांढरं. खाली एक ओळ आली. बाईंनी चष्मा वरखाली करून, मान मागे घेऊन ती लावली: मजकूर या संगणकावर उतरवलेला नाही. आणखी एक खिडकी उघडली: या जुन्या प्रोग्रामला आता परवानगी नाही, ब्राउझरमधून पासवर्ड टाकून आत या.

पासवर्ड. बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. नवऱ्याचा फोन त्याच्यामागे सहा महिन्यांनी त्यांनीच बंद केला होता. 'पासवर्ड विसरलात का?' वर टिचकी मारली, तर कोड त्याच नंबरवर पाठवल्याचं लिहून आलं. तो नंबर एव्हाना कुण्या परक्याच्या खिशात असणार.

त्यांनी दिराला फोन केला.

दीर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून निवृत्त झालेले. घरात कुणाचं काही बिघडलं, की बोलावल्याशिवाय यायचे आणि आल्याशिवाय राहायचे नाहीत. अकराच्या सुमाराला हजर झाले, खिशात पेन, हातात स्वतःचा चहाचा थर्मास. वहिनीला त्रास नको म्हणून.

"वहिनी, दादाचा स्वभाव मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक," ते बसता बसता म्हणाले. "दोन मिनिटांत काढतो."

त्यांनी दादाचा वाढदिवस टाकला. मग वहिनींचा. मग पुतणीचं लाडाचं नाव, मग लहानपणच्या कुत्र्याचं. मग शाळेतला हजेरी क्रमांक. प्रत्येक वेळी बटण दाबताना जरा ताठ बसायचे, आणि लाल अक्षरं आली की मागे रेलायचे.

"भावजी, किती वेळा चालतं असं?"

"चालतं हो. बँकेसारखं नसतं हे."

पुढच्याच वेळी खातं चोवीस तासांसाठी बंद झालं.

दिरांनी थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बाई रागवल्या नाहीत. रागवायलाही अंगात जीव लागतो. त्या उठून पुढच्या खोलीत गेल्या आणि एका म्हाताऱ्यांच्या डोळ्याला पॉलिश करत बसल्या. मागून दिरांचा आवाज आला, "उद्या येतो. जरा वाचून येतो."

दुपारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत होती, जेवणाच्या सुट्टीत बोलायची.

"आई, नवीन रंगव ना. समोर बसव त्यांना. कृतीची काय गरज? तू तर बघता बघता जुळवतेस."

"हो, पण कृती असली की बरं."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"खाली ठेवल्यासारखा."

"पॉलिशचं यंत्र चालू आहे," बाई म्हणाल्या. यंत्र बंद होतं.

दुसऱ्या दिवशी दीर आले ते कागदांची चळत घेऊन. रात्री त्यांनी कुठून कुठून माहिती छापून आणली होती आणि पेनाने खुणा केल्या होत्या. आज थर्मास नव्हता. चेहऱ्यावर कालचं ओशाळलेपण अजून होतं, पण त्याच्याखाली काहीतरी हलत होतं.

"वहिनी, काल मी गाढवपणा केला. दादाच्या डोक्यात शिरायला गेलो. आमच्या खात्यात पहिल्या वर्षी शिकवायचे, की माणसाला विचारू नका, तारेला विचारा." त्यांनी संगणकाकडे बोट दाखवलं. "हा प्रोग्राम इतकी वर्षं रोज आत जात होता. कुणी पासवर्ड विचारला तुम्हाला?"

"नाही."

"मग चावी ह्याच्याच खिशात आहे."

ते कागद बघत एकेक पायरी चढले. वरची यादी, त्यात सेटिंग, त्यात सुरक्षा. तिथे जे लिहिलं होतं ते कागदावर नव्हतं, कारण प्रोग्राम फार जुना होता. परत खाली उतरले. दुसऱ्या यादीतून गेले. मधेच प्रोग्राम अडकला, तेव्हा हात मांडीवर ठेवून गप्प बसले. बाईंनी एवढ्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. पाऊण तासाने एक छोटी चौकट उघडली. साठवलेले पासवर्ड. दोन ओळी, एक टपाल येण्याची, एक टपाल जाण्याची. दोन्हींपुढे काळे ठिपके. खाली बटण: दाखवा.

दिरांनी माऊसवरचा हात काढला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुम्ही बघा. नवरा-बायकोतलं काही असेल."

बाई पुढे वाकल्या. बटण दाबलं. ठिपक्यांच्या जागी बारीक अक्षरं आली असावीत. त्यांना फक्त एक करडी, केसाळ रेघ दिसली. चष्मा काढला, पुसला, लावला. रेघ तशीच.

"भावजी, तुम्हीच वाचा. माझा जवळचा चष्मा घरी राहिलाय."

दिरांनी मान वळवली. एकवार त्यांच्याकडे, मग पडद्याकडे पाहिलं. अक्षरं रोमन लिपीतली होती, पण शब्द मराठी. ते सावकाश लावत गेले.

"आता... पुरे... झालं. सलग लिहिलंय. पहिलं अक्षर मोठं. पुढे एक, दोन, तीन, चार."

दिरांनी चष्मा काढून खिशात घातला, परत काढला.

"आता पुरे झालं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी वाचत नव्हते. "रोज हे उघडत होता तो? मला कधी बोलला नाही, वहिनी. दर रविवारी येऊन बसायचा. हवापाण्याच्या गप्पा मारायचा. मी आपला माझ्या पेन्शनीच्या कागदांचं रडगाणं गायचो. त्याला इतकं झालेलं, आणि मी..."

बाईंना काहीच आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. आधी आठवली ती गरमी. दुपारची वेळ. नवरा माप घ्यायला इस्पितळात गेलेला. बाहेर बाकावर अकरा माणसं, त्यांत एक लहान पोर केव्हाचं भोकाड पसरून बसलेलं. नेमकं तेव्हाच मेलने नवा पासवर्ड मागितला. जुना चालेना आणि एका रुग्णाचं माप तातडीने पाठवायचं. त्यांनी टाकलेला लांबी कमी म्हणून नाकारला. दुसरा मोठं अक्षर नाही म्हणून. तिसरा आकडे नाहीत म्हणून. तेव्हा त्या जे तोंडाने म्हणत होत्या, तेच बोटांनी टाईप केलं, आणि आकडे म्हणून जे हाताला लागले ते.

सांगू नये असं त्यांना क्षणभर वाटलं. सांगायचं म्हणजे बोलायचं, मग दीर प्रश्न विचारणार, मग उत्तरं द्यायची. पण दीर स्वतःलाच दोष देत बसले होते.

"भावजी, ते ह्यांचं नाही. माझं आहे."

"तुमचं?"

"मीच ठेवला होता पासवर्ड. दहा-अकरा वर्षं झाली असतील. त्या दिवशी फार गर्दी होती. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर इतके हसले की ठसका लागला. मग ह्या प्रोग्रामात एकदा घातला आणि म्हणाले, राहू दे हाच, कुणाला सुचणार नाही."

दिरांनी खोल श्वास सोडला. मग त्यांना हसू फुटलं आणि त्यातच डोळे पुसले. "म्हणजे मी काल कुत्र्याचं नाव टाकत होतो, आणि इथे तुम्ही..."

बाईही हसल्या, पण त्यांच्या मनात दुसरंच आलं होतं. दोन वर्षं त्या सगळ्यांना सांगत होत्या, की हे होते तोवर कामाचा शीण म्हणून कधी वाटला नाही. मुलीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, स्वतःला तर रोज. आणि इथे त्यांच्याच हातचा पुरावा होता. दमलेल्या तर त्या तेव्हाही होत्या, नवरा धडधाकट असताना, डोळे स्वच्छ असताना. फक्त तेव्हा म्हणून टाकलं होतं.

खातं उघडायला दुपारचे बारा वाजावे लागले. कालची चोवीस तासांची मुदत संपेपर्यंत दिरांनी हात लावला नाही. मग ब्राउझरमध्ये त्यांनी अक्षर अक्षर उच्चारत पासवर्ड टाकला. दार उघडलं. सगळ्या मेल तिथे होत्या, मजकुरासकट. दिरांनी मास्तरांची काढली आणि वाचून दाखवली. मधाचा रंग तीन थेंब, हिरवा सव्वा, तपकिरी बुबुळाच्या आतल्या कडेला फक्त, बाहेरचं कडं गडद आणि बारीक. शेवटी लिहिलं होतं: 'हा तिसरा प्रयत्न. पहिले दोन माझ्या लुडबुडीमुळे बिघडले.'

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

सोमवारपर्यंत त्यांनी कृतीबरहुकूम चकती तयार केली. थेंब मोजून. रंगाच्या बाटल्यांवरची अक्षरं भिंगातून वाचून. बघून नाही, मोजून, पहिल्यांदाच.

मास्तर आले. खिडकीपाशी बसले. दीरही आले होते, बाकीच्या मेल उतरवून ठेवायच्या म्हणून. बाईंनी चकतीवर पाण्याचा थेंब ठेवला, म्हणजे वर काच चढल्यावर रंग कसा दिसेल ते कळतं, आणि चकती मास्तरांच्या डाव्या डोळ्याजवळ धरली.

त्यांना दोन घारे ठिपके दिसले. सारखेच.

"जुळला," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी हातातला आरसा वर केला. बराच वेळ बघत राहिले.

"बाई, मला यातलं कळत नाही. पण हा जरा तरुण वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा होता असा. आता ह्याच्या कडेला काहीतरी धुरकट आलंय बघा. ह्या चकतीला ते नाही."

बाईंना सांगायची गरज नव्हती. वय झालं की बुबुळाच्या कडेला राखाडी कडं येतं. हे त्यांनी शंभर वेळा रंगवलं होतं. नऊ वर्षांपूर्वीची कृती नऊ वर्षांपूर्वीच्या डोळ्याची होती. त्यांनी अजून जवळ वाकून मास्तरांच्या डोळ्यात पाहिलं. कडं असणार. त्यांना ते दिसत नव्हतं.

चकती धरलेला हात त्यांनी मांडीवर आणला.

"मास्तर, मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. वर्ष झालं."

मास्तर आरसा धरून तसेच बसले. मागच्या खोलीतून दीर दारापर्यंत आले.

"मग तो चष्मा?" दिरांनी विचारलं.

"कुठला चष्मा, भावजी? एकच आहे माझा."

बाईंना वाटलं होतं, की हे बोलून टाकल्यावर फार लाज वाटेल. लाज वाटली, पण थोडीच. जास्त वाटलं ते पाय पसरून बसावंसं. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या, जिथे एरवी रुग्णाचे नातेवाईक बसायचे.

"दुसरीकडे पाठवते तुम्हाला," त्या मास्तरांना म्हणाल्या. "दुसऱ्या शहरात एक जण आहेत, चांगलं काम करतात. पत्ता देते."

मास्तरांनी आरसा खाली ठेवला. "मुलांना मी पोहायला शिकवतो तेव्हा मी पाण्यात नसतो, बाई. काठावर उभा राहून सांगतो, हात लांब टाक, मान खाली. पोहतात ती. तुम्ही काठावर उभ्या राहा. कसं बघायचं ते आम्हाला सांगा, आम्ही बघतो."

दिरांनी खुर्ची ओढली. "रंगांचं मला फारसं कळत नाही," ते म्हणाले, "पण टेलिफोनच्या केबलमध्ये पन्नास रंगीत तारा असायच्या. राखाडी आणि निळसर राखाडी यांत चूक केली, तर एका घरचं भांडण दुसऱ्या घरी ऐकू जायचं."

त्यांना दोन तास लागले. बाईंनी ब्रश धरला. हात त्यांचाच, त्यात खोट नव्हती. दीर डोळा आणि चकती आळीपाळीने बघून सांगायचे. थंड. अजून थंड. नाही, आता सिमेंटसारखं झालं. बाई विचारायच्या, कडेला किती रुंद? वर जास्त की खाली? मास्तर आरशात बघून म्हणायचे, वर. सगळ्यात जास्त त्रास झाला तो दिरांना पाण्याचा थेंब ठेवायला शिकवताना. दोनदा त्यांनी चकती बुडवली. तिसऱ्या वेळी दीर चकती डोळ्याजवळ धरून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, मला आता फरक सांगता येत नाहीये."

"म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

चार दिवसांनी मास्तर डोळा बसवून घेऊन गेले. जाताना पायरीवरच्या एका अनोळखी माणसाला त्यांनी विचारलं, ह्यातला खरा कोणता? त्याने उजव्याकडे बोट दाखवलं. मास्तर वळून ते सांगायला परत दारात आले, मग गेले.

दुपारी मुलीचा फोन आला. बाईंनी तिला सगळं सांगितलं. तिच्या मागे कुणीतरी काचेच्या नळ्या धूत होतं, तो आवाज येत होता.

"वर्षभर," ती म्हणाली. "मला सांगितलं नाहीस."

"तुलाही कामं असतात."

"आई, हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "दमले होते गं. सांगायलासुद्धा."

"मी येते. शस्त्रक्रियेची तारीख घे, त्याप्रमाणे रजा टाकते."

बाईंनी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथून सांगितलं, पहिल्या डोळ्यासाठी तीन आठवडे, दुसऱ्यासाठी त्यानंतर एक महिना. घाई आहे का?

"नाही," बाई म्हणाल्या. "लिहा."

मग त्यांनी दिरांकडून एक पाटी लिहून घेतली: दोन महिने काम बंद. दिरांनी कारण काय लिहू म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, कारण लिहायचं नाही. पाटी काचेवर आतून चिकटवली, रंगाच्या बाटल्यांची झाकणं घट्ट केली, आणि उन्हं अजून खिडकीवर असतानाच घरी जाऊन झोपल्या.